आ कर, घसा बघू दे

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस भरतात. बुलढाणा जिल्ह्यात तोवर पेरणीची धांदल सुरू झालेली असते. वर्गात पोरं खांद्याला खांदा लावून बसायला लागली, की थोड्याच आठवड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत एक तक्रार हटकून ऐकू येते. अंगात ताप, तोंड उतरलेलं, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी आलेलं लेकरू आईला चिकटून उभं असतं आणि आई सांगते, "डॉक्टर, याचा घसा धरलाय. कालपासून घास गिळत नाही. मागच्या वेळी सुई दिली होती, तीच द्या." घाटावर चिखली-मेहकरात जे ऐकू येतं, तेच घाटाखाली नांदुरा-जळगाव जामोदात.

आईची काळजी खरी असते, पण तिला हवी असलेली सुई बहुतेक वेळा नको असते. शाळकरी मुलांच्या दर दहा घसादुखींपैकी सात-आठ विषाणूंमुळे होतात आणि आठवडाभरात आपोआप बऱ्या होतात. उरलेल्या दोन-तीनांमध्ये मात्र एक जिवाणू असतो, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष झालं तर घसा बरा होतो पण हृदय कायमचं बिघडू शकतं. हा फरक ओळखणं हे टॉन्सिलच्या आजारातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. त्यातलं बरंचसं घरच्या उंबऱ्यावर, उजेडात बसून करता येतं.

तोंड उघडून जीभ खाली दाबली की मागे मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना मांसाच्या दोन-दोन कमानी दिसतात, एक पुढची आणि एक मागची. या दोन कमानींच्या मधल्या खोबणीत प्रत्येक बाजूला एकेक गाठ बसलेली असते. याच टॉन्सिल्स. जन्मतःच त्या प्रत्येकाला असतात. "याला टॉन्सिल झालेत" असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर त्या सुजलेल्या असतात. अशाच ऊती नाकाच्या मागे, कानाची नळी घशात उघडते तिथे आणि जिभेच्या मुळाशीही असतात. सगळ्या मिळून श्वास आणि अन्न आत जाण्याच्या वाटेभोवती एक कडं तयार होतं. हाइनरिश वाल्डेयर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८८४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून वैद्यकात ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यात दहा ते तीस खोल खाचा असतात. श्वासातून आणि अन्नातून आलेले जंतू या खाचांत शिरतात, तिथल्या पेशी त्यांची ओळख पटवून घेतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लागतात. लहान मूल जगातल्या एकेका जंतूला पहिल्यांदाच भेटत असतं, त्यामुळे साधारण तीन ते आठ-दहा वर्षांच्या वयात हे काम जोरात चालतं आणि गाठी मोठ्या दिसतात. वयात आल्यावर त्या हळूहळू लहान होतात. म्हणून ताप नाही, दुखत नाही, झोप शांत आहे आणि तरी टॉन्सिल मोठे दिसतात, तर तो आजार नाही. जंतूंची संख्या वाढून लढाई चिघळली की रक्तपुरवठा वाढतो, गाठ लाल होऊन फुगते, खाचांत मेलेल्या पेशी साचून पांढरे ठिपके दिसतात. तो टॉन्सिलचा दाह.

घसा बघण्याची एक पद्धत आहे आणि ती शिकायला सोपी आहे. मुलाला दारात, उजेडाकडे तोंड करून बसवावं. मोबाइलचा टॉर्च आणि स्टीलच्या चमच्याचा दांडा एवढं पुरतं. दांडा जिभेच्या पुढच्या भागावर, किंचित एका बाजूला ठेवून हलकेच दाबायचा. फार मागे नेला तर उमासा येतो, आणि मग ते पोर पुन्हा तोंड उघडत नाही. "आ" म्हणायला सांगितलं की पडजीभ वर उचलली जाते आणि घसा दोन-तीन सेकंद नीट दिसतो. तेवढ्यात टॉन्सिलचा रंग आणि आकार पाहायचा, त्यांवर पांढरट-पिवळे ठिपके आहेत का ते पाहायचं, वरच्या टाळूच्या मऊ भागावर टाचणीने टोचल्यासारखे लाल बिंदू आहेत का, आणि पडजीभ मध्यावर आहे की एका बाजूला ढकलली गेली आहे, हेही पाहायचं.

मग बोटांच्या पेरांनी मान तपासायची. जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या पुढच्या बाजूला गाठ लागते का, आणि ती दाबल्यावर मूल मान झटकतं का? निरोगी मुलांतही तिथे वाटाण्याएवढ्या गाठी लागतात, पण त्या दुखत नाहीत. कान दुखतो म्हटलं की आई कानात तेल घालायला बघते. पण घशाची आणि कानाची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंची वाट काही अंतर एकच आहे, त्यामुळे टॉन्सिलचं दुखणं कानात जाणवतं आणि कान आतून अगदी स्वच्छ असतो. कपाळावर उलटा हात ठेवून ताप मोजू नये, थर्मामीटर लावावा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप.

पोटाकडेही लक्ष हवं. लहान मुलांत या आजाराची सुरुवात कितीदा तरी पोटदुखीने आणि उलटीने होते. घरात चर्चा सुरू होते ती काल खाल्लेल्या भज्यांची, आणि घसा बघायचं राहूनच जातं. पाच वर्षांच्या आतलं मूल "घसा दुखतो" असं क्वचितच सांगतं. ते खायचं थांबतं, लाळ गिळायला कुरकुरतं, चिडचिडं होतं. तापाने आलेल्या लहान मुलाचा घसा न बघता त्याची तपासणी पुरी होत नाही, असं मी म्हणेन.

आता विषाणू की जिवाणू, हा प्रश्न. विषाणूची घसादुखी सहसा एकटी येत नाही. आधी नाक वाहतं, शिंका येतात, खोकला लागतो, आवाज बसतो, डोळे लालसर होतात. घसा लाल दिसतो, दोन-तीन दिवस दुखतो आणि मग उतार पडतो. जिवाणूंपैकी ज्याची खरी काळजी करायची तो म्हणजे 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस. तो बहुधा पाच ते पंधरा वयाच्या मुलांना गाठतो, तीन वर्षांच्या आत क्वचितच. लागण झाल्यापासून दोन ते पाच दिवसांत घसा एकाएकी पेटतो. सकाळी शाळेत गेलेलं मूल संध्याकाळी फणफणून येतं. डोकं दुखतं, टॉन्सिल लालभडक आणि ठिपकेदार होतात, जबड्याखालच्या गाठी दुखतात. आणि मुख्य म्हणजे खोकला नसतो, नाक कोरडं असतं.

रॉबर्ट सेंटर या अमेरिकन डॉक्टरने सहकाऱ्यांसोबत १९८१ साली यावरूनच चार खुणांची साधी मोजणी सुचवली: ताप, खोकला नसणं, मानेच्या पुढच्या दुखऱ्या गाठी, आणि सुजलेले किंवा ठिपके पडलेले टॉन्सिल. पुढे कॅनडातल्या वॉरेन मॅकआयझॅकने त्यात वय मिळवलं. तीन ते चौदा वर्षांच्या मुलाला एक गुण जास्त, पंचेचाळिशीच्या पुढे एक कमी. एखादीच खूण असेल तर स्ट्रेपची शक्यता फार कमी आणि अँटिबायोटिकची गरज नाही. चारही असल्या तरी जवळपास निम्म्या रुग्णांतच तो सापडतो. नेमकं उत्तर हवं तर घशातून बोळा फिरवून तो प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. कल्चरचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात, झटपट चाचणीची पट्टी काही मिनिटांत सांगते. गावपातळीवर ही सोय बहुधा नसते, म्हणून तिथल्या डॉक्टरला खुणा मोजून आणि मुलाचं वय पाहून निर्णय घ्यावा लागतो. आईने आणलेली माहिती त्या वेळी फार उपयोगी पडते: ताप कधीपासून, खोकला होता की नव्हता, घरात किंवा वर्गात आणखी कुणाचा घसा धरलाय का.

पांढरे ठिपके दिसले म्हणजे जिवाणूच, ही समजूत मात्र काढून टाकावी. ॲडिनोविषाणूही तसेच ठिपके देतो. कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींत एपस्टीन-बार विषाणूमुळे टॉन्सिल पांढऱ्या थराने झाकले जातात, मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी येतात आणि थकवा आठवडेच्या आठवडे टिकतो. या आजारात अमॉक्सिसिलिन दिलं तर बऱ्याच जणांच्या अंगभर पुरळ उठतं. मग "याला पेनिसिलिन चालत नाही" असा शिक्का बसतो आणि खऱ्या गरजेच्या वेळी ते औषध त्याला नाकारलं जातं. असं पुरळ आलं असेल तर नेमकं कोणत्या आजारात आणि कोणत्या गोळीने आलं, ते लिहून ठेवायला हवं.

काही घसे घरी बघत बसायचे नसतात. मूल पुढे वाकून, हनुवटी पुढे काढून बसलं आहे, लाळ गळते आहे, श्वासाला घरघर आहे, तर तोंडात चमचा मुळीच घालू नये. श्वासनलिकेच्या तोंडावरचं झाकण सुजलेलं असू शकतं आणि चमच्याच्या स्पर्शाने वाट पूर्ण बंद होऊ शकते. त्याला बसलेल्या स्थितीतच ठेवून १०८ ला फोन करायचा. टॉन्सिलवर करडा, चिवट पडदा चढला आहे, पुसायला गेलं की रक्त येतं, मान फुगली आहे, तर तो घटसर्प असू शकतो. पेंटाव्हॅलंट लसीचे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातले डोस आणि पुढचे बूस्टर घेतलेल्या मुलांत तो क्वचित होतो, पण ज्या वस्तीवर लसीकरण हुकलं तिथे डोकं वर काढतो. त्यावर अँटिबायोटिकसोबत प्रतिविष द्यावं लागतं, आणि तेही तासांच्या हिशेबात. तिसरी गोष्ट मोठ्या मुलांत आणि तरुणांत दिसते: दुखणं एकाच बाजूला, जबडा उघडत नाही, तोंडात गरम घास धरल्यासारखं बोलणं, पडजीभ पलीकडे ढकललेली. टॉन्सिलच्या मागे पू साठला आहे, तो सुईने किंवा छेद देऊन काढावाच लागतो. गालगुंड वेगळं. त्यात सूज कानाच्या पाळीखाली आणि गालावर असते, टॉन्सिलवर ठिपके नसतात.

बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य घशांना घरची काळजी पुरते. पाणी कमी पडू देऊ नये, ही पहिली गोष्ट. दुखतं म्हणून मूल पीत नाही, पीत नाही म्हणून लघवी कमी होते, ताप वाढतो. पातळ वरण-भात, पेज, ताक, दूध, जे उतरेल ते थोडं थोडं द्यावं. थंड दिलं तरी चालतं. कुल्फी किंवा बर्फाच्या गोळ्याने टॉन्सिल सुजत नाहीत. टॉन्सिल काढल्यावर डॉक्टर आइस्क्रीम देतातच, कारण गारव्याने वेदना बधिर होते. रोग पसरतो तो खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून, आणि एकच पेला, एकच चमचा सगळ्यांनी वापरल्याने. तेव्हा आजारी लेकराचा पेला वेगळा ठेवणं हे थंड बंद करण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं. गुळण्या करता येणाऱ्या मुलाला कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा गुळण्या करू द्याव्यात, घसा हलका वाटतो. एक वर्षावरच्या मुलाला मध चाटवायला हरकत नाही. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने: एका वेळी दर किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर. मुलांना ॲस्पिरिन मनाने देऊ नये.

मानेवर बिब्बा घालायची जुनी रीत आपल्याकडे अजून सुटलेली नाही. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि आतल्या गाठीला त्याचा काडीचा फायदा होत नाही. हळद-चुन्याच्या लेपानेही आतला जंतू मरत नाही, उलट चुन्याने कोवळी त्वचा सोलली जाते. बोटाने टॉन्सिल दाबून "फोडण्याचा" प्रकार तर सरळ धोक्याचा आहे. सुजलेल्या गाठीतून रक्तस्राव होतो आणि जंतू खोल ढकलला जातो. आजीचा जीव नातवासाठी तुटतो म्हणूनच हे होतं, हे मला कळतं. तिने गुळण्यांचं पाणी कोमट करून द्यावं, पेज भरवावी.

टॉन्सिल काढावेत का, हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो. पिट्सबर्गच्या जॅक पॅरेडाइज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातले निकष आजही वापरले जातात: एका वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा टॉन्सिलचा खरा दाह. "वर्षभर घसा धरतो" यावर निर्णय होत नाही, तारखा लागतात. कालनिर्णयच्या पानावर त्या त्या दिवशी ताप किती, ठिपके होते का, शाळा किती दिवस बुडाली, एवढं लिहिलं तरी पुरतं. असं लिहायला लागल्यावर कितीतरी मुलांच्या ऑपरेशनची गरजच उरत नाही, कारण वय वाढतं तशी संख्या आपोआप घटते. दुसरं कारण जास्त पक्कं: टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागची तशीच गाठ) एवढे मोठे की मूल रात्री घोरतं, मध्येच श्वास थांबतो, दचकून उठतं, दिवसा पेंगतं. इथे ऑपरेशनने मुलाचा दिवस आणि रात्र दोन्ही बदलतात. ऑपरेशननंतर जागेवर पांढरा-पिवळा थर चढतो. तो पू नव्हे, ती खपली. पाचव्या ते दहाव्या दिवसात ती सुटताना रक्त येऊ शकतं. ताजं लाल रक्त आलं तर घरी न थांबता दवाखाना गाठावा. पूर्वी बुलढाण्यातून अवघड रुग्ण अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवावे लागत. २०२४ साली बुलढाण्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

आता स्ट्रेपचं औषध, आणि ते पुरं का करायचं. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या गोळ्या दहा दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळायला लागतं आणि उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. एका दिवसात संसर्ग पसरवण्याची ताकद बरीच कमी होते हे खरं, पण खाचांत दडलेला जंतू पुरा निघत नाही. गोळ्यांना पर्याय म्हणून एकच इंजेक्शन आहे: बेंझाथिन पेनिसिलिन. ते कुल्ल्याच्या स्नायूत खोल देतात, चांगलंच दुखतं, आणि तिथून तीन-चार आठवडे हळूहळू रक्तात उतरत राहतं. पेनिसिलिनची ॲलर्जी क्वचित जिवावर बेतते, म्हणून आधी विचारपूस करून, तयारी ठेवून ते देतात आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. घसा धरला म्हणून दिली जाणारी इतर बहुतेक सुया ताप किंवा दुखणं तेवढ्यापुरतं दाबतात. म्हणून आईने विचारावं, "सुईत कोणतं औषध आहे?" आणि त्याचं नाव कागदावर लिहून घ्यावं. इतक्या दशकांच्या वापरानंतरही हा जंतू पेनिसिलिनला दाद न देणारा झालेला नाही, ही या रोगातली मोठी दिलाशाची गोष्ट. महागड्या औषधाची गरजच नाही.

हे शहाणपण आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये, फ्रान्सिस वॉरेन या हवाई दलाच्या तळावर, बराकीतल्या तरुणांमध्ये स्ट्रेपच्या साथीवर साथी येत होत्या आणि मागोमाग ऱ्हुमॅटिक फीवर, म्हणजे सांधे आणि हृदय सुजवणारा ताप. चार्ल्स रॅमलकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली दाखवून दिलं की घशातल्या स्ट्रेपवर पेनिसिलिन दिलं तर ऱ्हुमॅटिक फीवर टळतो. पुढच्या कामातून कळलं की घसा दुखायला लागल्यापासून नवव्या दिवशी औषध सुरू केलं तरी बराच बचाव होतो. म्हणजे मंगळवारी दुखायला लागलं आणि दवाखान्यात जायला पुढचा सोमवार उजाडला, तरी वेळ गेलेली नसते. त्याच तळावर दिसलं की दोन खाटांमधलं अंतर जितकं कमी, तितकी लागण जास्त. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या बाजूला निवासी शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या झोपण्याच्या जागेचा विचार करताना हे निरीक्षण आजही कामाचं आहे.

हृदयापर्यंत हा जंतू स्वतः जात नाही. त्याच्या अंगावरच्या प्रथिनांची घडण आपल्या हृदयाच्या आणि सांध्यांच्या काही प्रथिनांशी मिळतीजुळती असते. चोराने घरच्या माणसासारखे कपडे घालावेत आणि चोर पळून गेल्यावर राखणदाराने घरच्या माणसालाच काठीने झोडावं, तसं शरीर करतं. म्हणून हा त्रास घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येतो, आणि तोवर घशाचं कुणाच्या लक्षातही नसतं.

पहिली खूण सांध्यांत. गुडघा लाल, गरम, सुजलेला, चादर लागली तरी मूल कळवळतं. दोन-तीन दिवसांत तो बरा आणि घोटा सुजलेला, मग कोपर. घरात म्हणतात, वाढीच्या वयातलं दुखणं आहे. वाढीच्या दुखण्यात सूज नसते, रात्री पाय दुखतो आणि सकाळी मूल धावत असतं. एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज आणि सोबत ताप, हे वेगळं प्रकरण आहे. दुसरी खूण कधी कधी महिन्यांनी येते आणि ती शिक्षकांना आधी दिसते: चांगलं वळणदार अक्षर असलेल्या मुलीचं अक्षर एकाएकी बिघडतं, रेघ सोडून जातं, हातातून पेला निसटतो, चेहऱ्यावर नकळत हालचाली होतात. वर्गात तिला धांदरट म्हणून ओरडा बसतो. तिचा मेंदू या आजारात सापडलेला असतो. अशी वही पाहिली तर शिक्षकांनी तिला आरोग्य केंद्रात पाठवावं.

याच जंतूमुळे होणारा मूत्रपिंडाचा त्रास निराळा. घसा दुखल्यानंतर एक ते तीन, आणि कातडीवरच्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी आणि काळ्या चहाच्या रंगाची. खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या गावांत, किडनीच्या आजाराची धास्ती आधीच घराघरांत आहे, त्यामुळे असं दिसलं की आईबापाचं काळीज फाटतं. मुलांतला हा दाह वेळेत रक्तदाब सांभाळला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो.

हृदयाचं तसं नाही. सांधे पूर्ववत होतात, झडप होत नाही. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप बहुधा सापडते. आधी ती नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. स्ट्रेपची लागण पुन्हा झाली की पुन्हा सूज, पुन्हा व्रण. वर्षांनंतर पडदे जाड होऊन चिकटतात आणि वाट अरुंद होते. हा बिघाड लवकर पकडायला शाळेतली तपासणी उपयोगी पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्या पालघरमधून झाली. त्यात तपासायच्या आजारांत झडपेचा हा आजारही आहे. त्यांची पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतात. स्टेथोस्कोपला खरखर लागली तर पुढे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. झडपेची शस्त्रक्रिया लागलीच तर ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते.

एकदा ऱ्हुमॅटिक फीवर होऊन गेला की पुढचा उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिन. हृदयाला धक्का नसेल तर निदान पाच वर्षं किंवा वयाच्या एकविशीपर्यंत, यातलं जे उशिराचं ते. झडप बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर. मुलाला काही होत नसताना दर तीन आठवड्यांनी दुखरी सुई टोचायला नेणं आईबापाला जड जातं. काम शोधत दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या कुटुंबाची साखळी तर तुटतेच. म्हणून इंजेक्शनचं कार्ड घरच्या पेटीत न ठेवता सोबत न्यावं. त्यावर शेवटची तारीख असली की कुठल्याही सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पुढचा डोस देऊ शकतो. एक डोस चुकला तर नव्याने मोजत बसू नये, आठवेल त्या दिवशी घ्यावा.

मुलींच्या बाबतीत हे सगळं आणखी एका वळणावर उघडं पडतं. झडप थोडी अरुंद असलेली मुलगी शेतात काम करते, पाण्याची कळशी आणते, थोडा दम लागतो तो अशक्तपणाचा समजला जातो. लग्न होतं, दिवस राहतात. गर्भारपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात रात्री आडवं पडलं की धाप लागते, उशीवर उशी घेऊन बसावं लागतं. आधी कळलं तर औषधं असतात, मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुग्याने झडप रुंद करण्याची सोयही असते. म्हणून लहानपणी कधी सांधे सुजून अंथरूण धरलं असेल, किंवा दर एकवीस दिवसांची सुई चालू होती असं आईला आठवत असेल, तर गर्भारपणाच्या पहिल्याच तपासणीला आशाताईंना आणि डॉक्टरांना ते आपणहून सांगावं आणि हृदयाचा इको सुरुवातीच्या महिन्यांतच करून घ्यावा.